डोळ्यांच्या दवाखान्यातले नगदी पीक



या सदरातून आजवर आपण बी-बियाणे, खते, कीड-रोग आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलत आलो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. तो डोळ्यांच्या डॉक्टरांचा आहे. शेतीखात्याच्या माणसाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण डोळा हे शेतकऱ्याचे पहिले अवजार आहे. कपाशीच्या पानामागचे फुलकिडे त्यानेच दिसतात. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, हे त्यानेच ओळखायचे असते. रात्री मोटर चालू करायला निघालात, तर वाटेवरचे जनावर त्यानेच चुकवायचे असते. नांगराचा फाळ झिजला तर बाजारात दुसरा मिळतो. डोळ्याचे तसे नाही.

गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरताना एक प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. "साहेब, आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दवाखाना कंपनीला दिला म्हणे. आता म्हातारीला तिथे न्यावे की नाही?" याचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

पाटी तीच, मालक दुसरा

धंदे एकत्र होण्याचा हा प्रकार तुम्हाला नवा नाही. बियाण्यांच्या बाबतीत तुम्ही तो पाहिलेला आहे. मक्याचे डेकाल्ब बियाणे पूर्वी मोन्सॅन्टो कंपनीचे होते. २०१८ साली बायर कंपनीने सगळी मोन्सॅन्टोच विकत घेतली. पिशवीवरचे नाव तेच राहिले, दुकानदार तोच राहिला, पण भाव कोणी ठरवायचा आणि कोणते वाण पुढे आणायचे, हे ठरवणारा बदलला.

डोळ्यांच्या दवाखान्यांचे आज तसेच चालले आहे. एका डॉक्टराने उभा केलेला दवाखाना मोठी साखळी विकत घेते, किंवा त्यात अर्ध्याहून अधिक हिस्सा घेते. बहुधा डॉक्टर तिथेच बसतात. कराराप्रमाणे काही वर्षे त्यांना तिथेच काम करायचे असते. दारावर त्यांचे नाव राहते आणि शेजारी साखळीचे नाव लागते. फरक इतकाच, की काल जे मालक होते ते आज पगारावर किंवा टक्केवारीवर असतात.

डॉक्टर दवाखाना का विकतात?

आपण चटकन म्हणतो, "पैशाच्या लोभाने." तसे म्हणणे न्यायाचे नाही. आपल्यातल्या एखाद्याने बैलबारदाना मोडला, तर त्याला शेतीची आवड नव्हती असे आपण म्हणत नाही. त्याला परवडत नव्हते, एवढेच म्हणतो.

पूर्वी डोळ्यांच्या डॉक्टराला तपासणीचे भिंगयंत्र, चष्म्याच्या काचांची पेटी आणि शस्त्रक्रियेची स्वच्छ खोली एवढ्यावर उभे राहता येत असे. आता मोतीबिंदू फोडून ओढून घेणारे फेको यंत्र हवे, पडद्याचे थर दाखवणारे ओसीटी यंत्र हवे, लेसर हवा. प्रत्येकाची किंमत लाखांच्या हिशेबात. त्यांच्या दुरुस्तीचे वार्षिक करार वेगळे. ट्रॅक्टर एकट्याने घेऊन चार एकर नांगरण्यासारखा हा हिशेब आहे. यंत्र दिवसभर चालले तरच हप्ता निघतो.

त्यात विम्याचे कागद आले. बरेच रुग्ण आता विम्यावर किंवा सरकारी योजनेवर येतात. त्यांची मंजुरी, दावे आणि थकलेली बिले यांसाठी वेगळा माणूस ठेवावा लागतो. विमा कंपनीशी दर ठरवताना एकट्या डॉक्टरला कोणी विचारत नाही. शंभर दवाखान्यांची साखळी असली की तिला खुर्ची मिळते. बाजार समितीत दोन पोती घेऊन गेलेल्याला आणि ट्रकभर माल घेऊन गेलेल्याला मिळणाऱ्या वागणुकीतला फरक तुम्हाला ठाऊकच आहे.

आणखी एक कारण घरचे असते. डॉक्टर साठीला आले, मुलगा-मुलगी शहरात किंवा परदेशात स्थिरावली. तालुक्याच्या गावी येऊन हा दवाखाना चालवायला कोणी तयार नाही. अशा वेळी समोरून एकरकमी पैसे आणि ठरावीक पगार देणारा आला, तर ते विचार करणारच.

पैसा येतो कुठून?

हे दवाखाने विकत घ्यायला पैसा कोण देतो, हे कळले की बाकीचे आपोआप कळते.

डॉ. अगरवाल यांचे नेत्र रुग्णालय चेन्नईत १९५७ साली एका डॉक्टर दांपत्याने सुरू केले. पुढे त्याची मोठी साखळी झाली. मुंबईचे नावाजलेले आदित्य ज्योत नेत्र रुग्णालयही या साखळीत गेले. साखळीत अमेरिकेच्या टीपीजी आणि सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपन्यांनी पैसा घातला. २०२५ सालच्या जानेवारी अखेरीस कंपनीने शेअर बाजारात भागविक्री केली. ती सुमारे ३,०२७ कोटी रुपयांची होती. त्यातले ३०० कोटी नव्या भागांचे, म्हणजे कंपनीच्या तिजोरीत येणारे. उरलेली रक्कम आधीच्या भागधारकांनी आपले भाग विकले त्याची, म्हणजे ती त्या विकणाऱ्यांना मिळाली. यात बेकायदा काही नाही. पण गुंतवणूकदाराची रीत यावरून समजते. तो आज घेतो, वाढवतो आणि काही वर्षांनी चढ्या भावाने विकून बाहेर पडतो. आषाढात कालवड घेऊन दुभती झाल्यावर विकणाऱ्या व्यापाऱ्यासारखे हे आहे. कालवडीची निगा तो चांगलीच राखतो, पण नजर बाजाराच्या दिवसावर असते.

दुसरे उदाहरण वासन आय केअरचे. दक्षिणेतली ही साखळी इतक्या झपाट्याने वाढली, की तिचे दवाखाने दीडशेच्या वर गेले. मग कर्ज डोईजड झाले आणि २०१७ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. अखेर २०२३ साली जोधपूरच्या एएसजी साखळीने सुमारे ५२६ कोटींना वासन घेतली. एएसजी ही २००५ साली दोन नेत्रतज्ज्ञांनी सुरू केलेली संस्था. तिच्यातही २०२२ साली जनरल अटलांटिक आणि केदारा या गुंतवणूकदारांनी सुमारे १,५०० कोटी घातले होते. मोठे झाड उन्मळले की त्याच्या सावलीतल्यांना ऊन लागते. साखळी अडचणीत आली की तिच्या शेवटच्या टोकाच्या दवाखान्यातल्या रुग्णालाही त्याची झळ पोचू शकते.

मोठेपणा वाईट असतो का?

नाही. हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. तामिळनाडूत मदुराई येथे डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. आज तिथे वर्षाला लाखांनी शस्त्रक्रिया होतात आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास मोफत किंवा अगदी कमी दरात होतात. ज्याला परवडते तो पैसे देतो, त्यातून न परवडणाऱ्याचे भागते. डोळ्यात बसवायचे भिंग परदेशातून महाग येत होते, तेव्हा १९९२ साली त्यांनी अरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंग गरिबाच्या आवाक्यात आणले. आपल्याकडे पुण्याचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयही असेच संस्थेचे आहे. अरविंदने खेड्यांत दृष्टी केंद्रे उघडली आहेत. तिथली प्रशिक्षित मुलगी डोळा तपासते आणि पडद्यावरून डॉक्टरांशी बोलणे करून देते. हेही मोठेपणामुळेच जमले. सहकारी दूधसंघ मोठाच असतो, तरी आपण त्याला नावे ठेवत नाही. नफा कुठे जातो आणि निर्णय कोण घेतो, हा खरा प्रश्न.

खासगी साखळ्यांचेही चांगले आहे ते सांगतो. त्यांच्याकडे नवी यंत्रे येतात. पडद्याचा, बुबुळाचा, लहान मुलांच्या तिरळेपणाचा असे वेगवेगळे तज्ज्ञ एका छताखाली मिळतात. एक डॉक्टर आजारी पडला म्हणून दवाखाना बंद राहत नाही. पावती छापील मिळते. पूर्वी ज्या तपासणीला पुणे-मुंबई गाठावी लागे, ती काही जिल्ह्यांच्या गावी होऊ लागली आहे. हे नाकारून चालणार नाही.

नगदी पीक आणि चारा

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, की शेतात नगदी पीक असते तसा चाराही लागतो. उसाचे, कापसाचे पैसे दिसतात. कडब्याचे दिसत नाहीत. पण कडबा नसला तर गोठा उपाशी. शहाणा शेतकरी घरच्या जनावरांकडे बघून एक तुकडा चाऱ्याला ठेवतो. तेच रान बाहेरच्या माणसाला खंडाने दिले, की तो बांधापर्यंत नगदी पीक घेतो. तो वाईट असतो असे नाही. त्याला खंड भरायचा असतो.

डोळ्यांच्या धंद्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे नगदी पीक आहे. काम थोड्या वेळाचे, दर ठरलेला, रुग्ण संध्याकाळी घरी, आणि गरज तर अफाट. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात, पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. चष्मा घालवणारा लेसर हेही नगदी पीकच.

मग चारा कोणता? उसाचे पाते लागून बुबुळाला झालेली जखम. तिला रोज तपासावे लागते, तासातासाला थेंब घालावे लागतात, आठवडेच्या आठवडे जातात आणि डॉक्टरांच्या हाती फारसे पडत नाही. काचबिंदूचा रुग्ण हाही चाराच. त्याला जन्मभर थेंब घालायचे असतात, दर काही महिन्यांनी दाब मोजायचा असतो. मधुमेह झालेल्याचा पडदा वर्षातून एकदा बघायचा असतो. शाळकरी पोराचा नंबर काढायचा असतो. या कामात पैसा थोडा आणि वेळ फार. पण खेड्यातले डोळे याच कामावर टिकतात.

तालुक्याचा स्वतंत्र डॉक्टर हे सगळे करत होता. त्याला तुमचे गाव ठाऊक होते, बापाला काचबिंदू होता हेही ठाऊक होते. पट्टी गेल्यावर उरलेले पैसे द्या, असे तो म्हणू शकत होता. दवाखाना साखळीत गेल्यावर त्याच डॉक्टरला दर महिन्याच्या आकड्याचा जाब द्यावा लागू शकतो. आमच्या खात्यात लक्ष्यांक म्हणजे काय, ते मी नोकरीभर पाहत आलो आहे. मार्च जवळ आला की ज्याला पंप हवा त्यालाही पंप आणि ज्याच्या घरी दोन आहेत त्यालाही पंप. माणूस वाईट नसतो. आकडा मागे लागतो.

अमेरिकेत हा प्रकार आपल्या आधी सुरू झाला. तिथे २०१६ ते २०२० या काळात गुंतवणूकदारांनी घेतलेल्या त्वचा, पोट आणि डोळे या शाखांच्या ५७८ दवाखान्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. न विकलेल्या दवाखान्यांशी तुलना करता, विकलेल्यांमध्ये प्रत्येक बिलामागे आकारलेली रक्कम सरासरी सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती. नवे रुग्ण येण्याचे प्रमाणही वाढले होते. तिथली बिले बहुतेक विमा कंपन्या भरतात. आपल्याकडे बरेच जण खिशातून, नाहीतर शेळी विकून भरतात. म्हणून त्यांचा आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. पण वारा कुठल्या दिशेचा आहे, ते त्यावरून समजते.

तीन दिवसांची गोष्ट

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावची गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत एका बाईच्या डोळ्याला शनिवारी पाचटाचे पाते लागले. तालुक्याच्या ज्या दवाखान्यात आधी डॉक्टर रोज बसत, तिथे मालकी बदलल्यावर डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागले होते. बाकीचे दिवस नंबर काढणारा मुलगा आणि चष्म्याचे दुकान चालू. त्या मुलाने "मंगळवारी या" म्हटले. घरच्यांनी मेडिकलमधून थेंब आणले. त्यांनी लाली आणि ठणका कमी झाला, म्हणून बाई पुन्हा तोडीला गेली. मंगळवारी डॉक्टरांनी पाहिले तेव्हा बुबुळावर पांढरा डाग पसरला होता. ते थेंब स्टिरॉइडचे होते. आत बुरशी वाढत होती आणि वरून दुखणे झाकले गेले होते. डॉक्टरांनी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. डोळा वाचला, पण त्यात फूल पडले ते पडलेच. त्या डोळ्याने तिला आता फक्त उजेड-अंधार कळतो.

यात कोणा एकाला आरोपी करून काही साधणार नाही. मंगळवारी आलेल्या डॉक्टरने आपले काम नीट केले. पण शनिवार ते मंगळवार हे तीन दिवस कोणाचेच नव्हते. आपल्या भागातला दवाखाना साखळीत गेला, तर पहिली चौकशी याच तीन दिवसांची करा.

तोवर एवढे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. फवारणीचे औषध किंवा चुना डोळ्यात गेला, तर डॉक्टर शोधण्याआधी स्वच्छ पाण्याने डोळा निदान १५ ते २० मिनिटे सतत धुवा. चुन्याची नळी लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका. तिने कितीतरी पोरांचे डोळे गेले आहेत. चुन्याचा कण पापणीखाली राहिला तर तो जाळत राहतो, म्हणून धुवून झाल्यावरही डॉक्टर गाठाच. औषधाचा डबा सोबत न्या. कुसळ, पाते किंवा काडी लागली तर डोळा चोळू नका. पदराच्या टोकाने किंवा जिभेने कुसळ काढण्याची रीत सोडून द्या. मध, एरंडेल, अंगावरचे दूध यांपैकी काही घालू नका. आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मेडिकलमधून थेंब आणू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा.

मोतीबिंदूचे बोलणे करताना

मोतीबिंदू ही बहुधा आजच्या आज करायची गोष्ट नसते. तो पिकेपर्यंत थांबावे हा जुना समज आता मागे पडला आहे. पण "आज पैसे भरले तर सवलत" असे कोणी म्हटले म्हणून गडबड करण्याचेही कारण नाही. कामात अडचण येऊ लागली, समोरची वाट आणि माणसाचा चेहरा नीट दिसेना, की करावी. दोन दिवस विचार करा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. बैल घेताना आपण तीन बाजार फिरतो. डोळा बैलाहून स्वस्त नाही.

दवाखाना साखळीचा असो, संस्थेचा असो की एकट्या डॉक्टरचा, हे सात प्रश्न विचारा:

१) शस्त्रक्रिया कोण करणार आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने कोण तपासणार? करणारा एक आणि तपासणारा दुसरा असेल, तर तसे आधी सांगा म्हणावे.

२) सांगितलेल्या रकमेत काय काय आले? भिंग, तपासण्या, औषधे, नंतरच्या भेटी, चष्मा. हे कागदावर लिहून घ्या. महाराष्ट्रात २०२१ सालच्या नियमांप्रमाणे शुश्रूषागृहाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावायची आहे. ती भिंत शोधा.

३) भिंग कोणते, आणि त्याहून महाग भिंगाने माझ्या कामात काय फरक पडेल? लांबचे स्पष्ट दिसण्यासाठी साधे एका अंतराचे भिंग बहुतेकांना पुरते. जवळचे वाचायला चष्मा लावावा लागतो, एवढेच.

४) शस्त्रक्रिया फेकोची की लहान चिरेची? लहान चिरेच्या पद्धतीत खर्च कमी येतो आणि चांगल्या हाताने केली तर दृष्टीही चांगली येते. पिकलेल्या घट्ट मोतीबिंदूसाठी ती उपयोगी आहे. तिला हलकी समजू नका.

५) माझ्या कार्डावर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा इतर योजनेत हे काम बसते का? योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. तोंडी ऐकीव माहितीवर न जाता त्याला विचारा. सरकारी रुग्णालयांत अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

६) रात्री-अपरात्री डोळा दुखू लागला तर कोणाला फोन करायचा? शस्त्रक्रियेनंतर ठणका वाढला, लाली वाढली किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी परत जायचे असते. एक दिवससुद्धा थांबायचे नाही.

७) माझे कागद मला मिळतील का? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रे द्यायची असतात.

या शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक सांगतो. बियाण्याची पिशवी फोडली की टॅग आणि पावती जपून ठेवा, असे मी दर खरिपात तुम्हाला सांगतो. उगवण झाली नाही तर तोच पुरावा असतो. डोळ्यात बसवलेल्या भिंगाच्या पाकिटावरही अशीच चिठ्ठी असते. ती आपल्या कागदावर चिकटवून मागा. काचबिंदू असलेल्याने तर प्रत्येक वेळचा दाब आणि नजरेच्या तपासणीचे कागद एका पिशवीत तारखेवार ठेवावेत. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची असते, आणि ती राखायची तर पाच वर्षांपूर्वी काय होते ते डॉक्टरला दिसले पाहिजे. तालुक्याच्या जुन्या डॉक्टरच्या डोक्यात हे सारे असे. आता डॉक्टर बदलतील, बदल्या होतील, दवाखाना पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाईल. तुमची पिशवी तेवढी तुमच्या हाती राहील.

गावाने काय करावे?

एकेकट्याने विचारून जे होत नाही, ते गावाने विचारले तर होते. नेत्र शिबिराला परवानगी मागायला कोणी आले, की सरपंचांनी आणि तरुण मंडळांनी बॅनर कोणाचा हे पाहण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. शस्त्रक्रिया कुठे होणार, आणि नंतरच्या तपासण्यांना डॉक्टर गावात येणार की म्हाताऱ्यांना तिकडे न्यायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर शिबिर पुढे ढकलावे.

साखळीची माणसे भेटली, तर त्यांना आपला भाग समजावून सांगा. आमच्याकडे ऊसतोड आहे, मळणी आहे, फवारणी आहे. आम्हाला जखमेचा डॉक्टर रोज हवा, मोतीबिंदूचा आठवड्यातून एकदा आला तरी चालेल. रोज डॉक्टर देणे जमत नसेल, तर निदान दृष्टी केंद्रातून त्याच क्षणी मोठ्या डॉक्टरांना दाखवण्याची सोय आणि न्यायची गाडी. व्यापारी माणूस गिऱ्हाईक काय मागते ते ऐकतो. न मागितलेले मात्र तो देत नाही.

जवळचे ग्रामीण रुग्णालयही विसरू नका. तिथे बहुधा नेत्रचिकित्सा अधिकारी असतो. तो शस्त्रक्रिया करत नाही, पण तपासतो, नंबर काढतो आणि कुठे जायचे ते सांगतो. त्याची खुर्ची रिकामी असेल, तर तो ग्रामसभेचा विषय आहे. ठराव करा आणि वर पाठवा.

आणि तुमच्या तालुक्यात एखादा स्वतंत्र डॉक्टर अजून रोज दारात बसत असेल, तर त्याला धरून राहा. साध्या तपासणीला त्याच्याकडे आणि पैशाच्या शस्त्रक्रियेला शहरात, असे सगळ्यांनीच केले तर तोही कितीकाळ तग धरणार? फक्त चारा पिकवून कोणाचेच घर चालत नाही. मोतीबिंदूचे काम तो चांगले करत असेल तर तेही त्याच्याकडेच करा.

आपल्या तालुक्यात डोळ्यांच्या जखमेला रविवारी कोण बघतो, हे प्रत्येकाने या आठवड्यात चौकशी करून ठेवावे. डॉक्टरांचे नाव आणि फोन नंबर फवारणीच्या पंपाजवळ, भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहावा. कोणीच बघत नसेल, तर तेही मला पत्राने कळवा. पुढच्या अंकात रब्बी ज्वारीवरील खोडमाशीबद्दल बोलू.